वेगळं करू नका

गेले तीन शनिवार काहीच लिहिलं नाही. ते तीन शनिवार एका फंक्शनने खाल्ले. आणि ते फंक्शन काय करतं म्हणाल तर... काहीच करत नाही. खरंच सांगतेय, काहीही न करणं हेच त्याचं काम :)

तर मंडळी, आज जरा तांत्रिक लिहिणार आहे. 'कर्नल' म्हटलं की ज्यांना मिशावाले फौजी साहेब आठवतात (आमच्या आईचा यात पहिला नंबर) त्यांनीही वाचायला हरकत नाही. मधले एक-दोन परिच्छेद डोक्यावरून गेले तर खुशाल सोडून द्या, वॉचमनच्या गोष्टीपाशी मी तुम्हाला परत गाठते.

आमच्या कंपनीत एक डबा बनतो. पंखा नसलेला, साधारण शाळेच्या कंपासपेटीच्या दुप्पट. विजेचे मीटर, पंप, टाक्यांची पातळी असलं सगळं मोजमाप गोळा करायचं आणि वरच्या मोठ्या कॉम्प्युटरने विचारलं की सांगायचं, एवढंच त्याचं आयुष्य. आत एक एक्स८६ प्रोसेसर आणि त्यावर आमचा घरगुती कर्नल. लिनक्स नाही. का नाही, हे प्रत्येक नवीन आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात विचारतो आणि दुसऱ्या आठवड्यात विचारायचं सोडून देतो. "तेव्हा लिनक्स मावत नव्हतं" हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे "आता बदलणार कोण?"

तर त्या कर्नलमध्ये प्रोसेसरला झोपवणारं एक फंक्शन आहे. प्रोसेसर ही जात मुळात स्वस्थ बसणारी नाही. एक सूचना संपली की पुढची, ती संपली की त्यापुढची. करायला काम नसलं तरी "आहे का काम? आहे का काम?" असं विचारत जागच्या जागी गोल फिरत राहतो आणि फुकट तापतो. त्याला "पड जरा, कोणी हाक मारली की ऊठ" असं सांगायची सोय म्हणजे एचएलटी, अर्थात हॉल्ट. एका बाइटची सूचना आहे, एफ४. १९७८ सालच्या ८०८६ पासून आहे ती. आणि हाक म्हणजे इंटरप्ट. कळ दाबली, तारेवरून अक्षर आलं, घड्याळाचा ठोका पडला, काहीही.

सूचना इतकी जुनी असून तिचा वीज वाचवण्याशी संबंध बराच उशिरा आला. १९९४ मध्ये इंटेलचा डीएक्स४ आला, त्यात हॉल्ट झाल्यावर खरोखर वीज कमी लागेल अशी रचना केली होती. विंडोज ९५ तर रिकामं बसलेलं असतानाही प्रोसेसरला हॉल्ट करत नसे. म्हणून लोक रेन, सीपीयूआयडल असले छोटे प्रोग्रॅम टाकायचे. ते काय करायचे? रिकाम्या वेळात हॉल्ट! माझ्या मामेभावाकडे होता त्यातला एक. "याने कॉम्प्युटर गार राहतो" असं तो पाहुण्यांना कॅबिनेटला हात लावून दाखवायचा. आम्हाला ती जादू वाटायची.

लिनक्सचीही एक मजा सांगते. जुन्या लिनक्सवर मशीन सुरू होताना पडद्यावर एक ओळ यायची, 'चेकिंग एचएलटी इन्स्ट्रक्शन...' आणि मग थोड्या वेळाने 'ओके'. त्या दोन शब्दांच्या मध्ये कर्नल एकापाठोपाठ एक चार वेळा हॉल्ट करून बघायचा. कारण ४८६डीएक्स-१०० च्या सुरुवातीच्या काही चिप हॉल्टमध्ये गेल्या की नीट परत यायच्या नाहीत. झोपल्या त्या झोपल्याच. तुमची चिप तसली असेल तर मशीन त्या ओळीवर अडकायचं, आणि मग तुम्ही 'नो-एचएलटी' असं सांगून परत सुरू करायचं. एवढी सगळी व्यवस्था कर्नलमध्ये राहिली, राहिली... आणि २०१३ साली काढून टाकली. त्याच्या थोडं आधी, २०१२ च्या डिसेंबरमध्ये, ३८६ प्रोसेसरचा आधारही गेला होता. जुनं सामान बांधून ठेवण्याचा किंवा फेकण्याचा प्रश्न आपल्या माळ्यावर असतो तसाच तिथेही.

आमच्या माळ्यावरचं फंक्शन १४३ ओळींचं होतं. नाव सीपीयू_हॉल्ट. यंदा मार्चमध्ये लीडने मला सांगितलं, "हे जरा साफ कर, नवीन बोर्ड येतोय, त्याच्यासाठी अजून एक इफडेफ घालायची माझी छाती होत नाही." मला असली कामं मनापासून आवडतात. लोकांना नवीन लिहायला आवडतं, मला जुनं पुसायला. कपाट आवरण्यासारखं आहे, फक्त इथे आई "अगं ते ठेव, लागेल" म्हणायला नसते.

आवरायला घेतलं. पहिल्यांदा निघाली ती वर सांगितलेली चिपची तपासणी. लिनक्सवरून कल्पना उचललेली दिसत होती. ती बिघडलेली चिप आमच्या कंपनीने कधी विकतच घेतली नव्हती. गेली. मग एक छोटा थांबा होता, हॉल्टमधून उठल्यावर घड्याळ स्थिर व्हायला काही मायक्रोसेकंद वाट बघणारा, एका जुन्या बोर्डासाठी. स्टोअरमध्ये जाऊन विचारलं. ते बोर्ड आता फक्त रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात आहे, त्याला वीज जोडलेलीच नाही. गेला.

मग मूळ दुखणं. हे एकच फंक्शन दोन अगदी वेगळी कामं करत होतं. एक, रिकाम्या वेळात डुलकी काढायची आणि हाकेला उठायचं. दुसरं, कर्नल पार कोसळला की प्रोसेसरला कायमचं गप्प करायचं. आत ० आला तर डुलकी, १ आला तर कायमची झोप. (२ आला तर काय, तेही लिहिलेलं होतं. २ कोणीच पाठवत नव्हतं.) त्याची मी दोन फंक्शनं केली. निम्मा गुंता तिथेच सुटला.

कायमच्या झोपेचं फंक्शन म्हणजे इंटरप्ट बंद करायचे आणि हॉल्ट. जुन्या कोडमध्ये ते हॉल्ट एका न संपणाऱ्या लूपमध्ये होतं. मला वाटलं, इंटरप्टच बंद आहेत तर उठवणार कोण? लूप कशाला? पुसणारच होते, पण हात आखडला आणि इंटेलचं मॅन्युअल उघडलं. बरं झालं. सीएलआयने बंद होतात ते साधे इंटरप्ट. एनएमआय बंद होत नाही. तो आला की हॉल्टमधला प्रोसेसर उठतो आणि पुढच्या सूचनेवर जातो. आणि 'हे फंक्शन परत येणार नाही' असं आपण कंपायलरला आधीच सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याने शेवटी परतीची सूचनाच घातलेली नसते! म्हणजे कोसळलेला कर्नल उठणार आणि मेमरीत शेजारी जे कुठलं फंक्शन असेल त्यात तसाच चालत जाणार. भूतच की. लूप राहिला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, की बघा, मी काही डोळे मिटून पुसत नाहीये.

आणि मग ती ओळ आली.

डुलकीच्या फंक्शनमध्ये शेवटी असेंब्लीची एकच ओळ होती. तिच्यात दोन सूचना, एसटीआय आणि एचएलटी. इंटरप्ट चालू कर, हॉल्ट हो. तिच्या वर कॉमेंट होती. तीन शब्द. 'वेगळं करू नका.' बस्स. का नाही, काय होईल, काही नाही.

आमच्याकडे इंटरप्ट चालू करायचं एक नीटनेटकं फंक्शन आहे, सगळ्या कर्नलभर तेच वापरतात. आणि आता हॉल्टचंही नीटनेटकं फंक्शन मी लिहिलेलंच होतं. मग ही असेंब्लीची आडदांड ओळ मध्येच कशाला? मी तिच्या जागी दोन सुंदर ओळी लिहिल्या. इंटरप्ट चालू. हॉल्ट. मराठी शाळेतल्या मुलालाही वाचता येतील अशा. कॉमेंट पुसताना एक सेकंद थांबले होते, हे मात्र आठवतंय. पण कारण न सांगता हुकूम सोडणाऱ्या कॉमेंटचा मला लहानपणापासून राग आहे. ('संध्याकाळी नखं कापू नये.' का? 'नये म्हणून नये.')

१४३ च्या १९ ओळी झाल्या. चाचण्या सगळ्या हिरव्या. दोन सीनियरनी तपासून होकार दिला. लीडने त्या दिवशी सगळ्यांना सामोसे मागवले आणि मीटिंगमध्ये माझा डिफ पडद्यावर दाखवला, लाल लाल लाल आणि मग चिमूटभर हिरवं. मी दोन दिवस हवेत होते.

एप्रिल, मे, जून, जुलै. काहीही झालं नाही.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका टीमने कर्नलचा ठोका काढला. म्हणजे असं, की तोवर आमच्या कर्नलला सेकंदाला १०० वेळा घड्याळाचा इंटरप्ट यायचा, काम असो नसो. दर १० मिलिसेकंदांनी कोणीतरी खांदा हलवून "जागा आहेस ना?" विचारल्यासारखं. लिनक्सने हा प्रकार २००७ मध्ये, २.६.२१ पासून, बंद करायला सुरुवात केली. रिकामं असताना ठोके नकोत, पुढचं काम जेव्हा असेल तेव्हाचाच एक गजर लावायचा आणि तोवर शांत झोपायचं. आमच्याकडे हे यायला इतकी वर्षं लागली. पण आलं, आणि डबा खरंच गार राहायला लागला. त्यांनाही सामोसे मिळाले.

ऑक्टोबरमध्ये नवीन व्हर्जन नाशिकजवळच्या एका साइटवर गेलं. एका खोलीत चाळीस डबे, वरचा कॉम्प्युटर प्रत्येकाला दर १५ मिनिटांनी एकदा विचारणार. म्हणजे दिवसाला ३८४० प्रश्न. त्यातल्या तीन-चार प्रश्नांना उत्तरच येईना. दोन सेकंद वाट बघून वरचा कॉम्प्युटर तो डबा लाल दाखवायचा. पुढच्या प्रश्नाला तोच डबा मुकाट उत्तर द्यायचा. रोज वेगळा डबा.

आता असं झालं की पहिला संशय कोणावर जातो? तारांवर. आणि तारा कोणी जोडल्या? तिथे आमचा एक फील्ड इंजिनियर होता, सांगलीकडचा, कामाला अगदी चोख. कस्टमरच्या साहेबांनी थेट पत्र लिहिलं, की जोडणी निकृष्ट आहे, आणि पत्रात त्याचं नाव घातलं. आमच्याकडून त्याला आदेश गेला, सगळी टर्मिनेशनं परत करा. चाळीस डब्यांची. दिवाळी चार दिवसांवर होती. त्याची रजा रद्द.

त्याने सगळी परत केली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्याचा मला फोन आला. माझा नंबर त्याला कोणी दिला माहीत नाही, कर्नलवाल्या म्हणून दिला असावा.

"मॅडम, एक सांगू का? डबा मेलेला नसतोय."

"म्हणजे?"

"लाल झाला की मी पळत जाऊन त्याचं बटन दाबतोय. कुठलं पण बटन. मिनिटाच्या आत दाबलं तर टीएक्सचा दिवा लगेच लुकलुकतोय. उत्तर तयारच असतंय त्याच्याकडे. नुसतं देत नाय."

मी बाहेर अंगणात पणत्या लावत होते. म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला. आणि मग हातात काडेपेटी घेऊन तशीच उभी राहिले. बटन दाबलं की उत्तर देतो. बटन म्हणजे इंटरप्ट. म्हणजे तो झोपलेला असतो. प्रश्न पोचलेला असूनही झोपलेला!

भाऊबीज झाल्यावर ऑफिसात एक डबा टेबलावर घेतला आणि त्याच्यावर प्रश्नांचा मारा सुरू केला. हजारात एखादा हरवत होता. काय चाललंय ते दिसावं म्हणून झोपायच्या फंक्शनमध्ये एक प्रिंट घातलं. सहसा काय होतं, प्रिंट घातलं की बग पळून जातो. इथे उलटं झालं. दहातले दोन-तीन प्रश्न हरवायला लागले. बग लपायच्या ऐवजी अंगणात येऊन नाचायला लागला. प्रिंट मी घातलं होतं ते 'काम आहे का' ही तपासणी आणि हॉल्ट, या दोन्हींच्या मध्ये.

मग कंपाइल झालेल्या फंक्शनचे बाइट उघडून बघितले. एफबी, मग सी३, मग एफ४. एफबी म्हणजे एसटीआय. एफ४ म्हणजे हॉल्ट. आणि मधला सी३ म्हणजे माझ्या नीटनेटक्या फंक्शनमधून परत येण्याची सूचना. गिटमध्ये जाऊन मार्चच्या आधीचं बघितलं. एफबी एफ४. शेजारी शेजारी, खेटून.

आता वॉचमनची गोष्ट. सोडून गेलेल्यांनी परत या.

एका सोसायटीत रात्रीचा वॉचमन आहे. त्याची पद्धत अशी. गेटवर कोणी आलं की घंटा वाजते. घंटा वाजली की तो वहीत नोंद करतो, 'अमुक आले आहेत.' वहीतली कामं तो सवडीने करतो. झोपायच्या आधी तो वही बघतो, कोरी असेल तर झोपतो. झोपेत घंटा वाजली तर उठतो, नोंद करतो, वही बघतो, गेट उघडतो. बरोबर चाललंय.

पण समजा, त्याने वही बघितली, कोरी होती. "चला, झोपू" असं ठरवलं. आणि पाठ टेकायच्या आत घंटा वाजली. तो सवयीने नोंद करतो... आणि झोपतो. कारण झोपायचं ठरलेलं आहे, वही बघून झालेली आहे. पाहुणा गेटवर उभा. वहीत त्याचं नाव आहे. वॉचमन ढाराढूर. पुढची घंटा कोणीतरी वाजवेपर्यंत.

यावर उपाय म्हणून वही बघायच्या आधी कानात बोळे घालायचे, म्हणजे इंटरप्ट बंद करायचे. मधल्या वेळात घंटा वाजली तर ती वाया जात नाही, तशीच थांबून राहते. मग बोळे काढायचे आणि झोपायचं. पण बोळे काढणं आणि झोपणं यांच्या मध्ये श्वासाइतकी जरी फट राहिली तरी ती थांबलेली घंटा नेमकी त्याच फटीत वाजणार. म्हणजे आपण पुन्हा तिथेच.

एक्स८६ मध्ये या फटीचा बंदोबस्त आहे. एसटीआयने इंटरप्ट चालू केले तरी ते लगेच लागू होत नाहीत. पुढची एक सूचना पुरी होते, मग लागू होतात. फक्त एक सूचना! त्या एकाच्या जागी हॉल्ट बसवलं की फट उरत नाही. थांबलेली घंटा वॉचमन आडवा झाल्यावरच वाजते आणि तो उठतो. माझ्या सुंदर दोन ओळींमध्ये ती एक सूचना परतीच्या सी३ ने खाल्ली होती. हॉल्ट उघड्यावर पडलं.

आणि एप्रिल ते ऑगस्ट काही का झालं नाही? कारण सेकंदाला १०० ठोके होते. वॉचमन चुकून झोपला तरी १० मिलिसेकंदांत ठोका पडायचा, तो उठायचा, वही बघायचा. चूक रोज होत होती, फक्त कोणाला कळत नव्हती. ऑगस्टमध्ये ठोके गेले, आणि वर पुढचा गजर लावायचं कामही त्याच बोळे घातलेल्या वेळात आलं, म्हणजे घंटा अडकून राहायची शक्यता वाढली. डब्याचं स्वतःचं पुढचं काम मिनिटभर लांब असेल तर तो मिनिटभर झोपणार. ऑगस्टवाल्या टीमची चूक नाही यात. त्यांनी फक्त माझ्या चुकीवरची चादर काढली.

दुरुस्ती एका ओळीची होती. जुनीच ओळ परत. रात्रभर मारा केला, लाखाच्या वर प्रश्न, एकही हरवला नाही.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचं. रिपोर्ट लिहायचा होता. लीड म्हणाला (वाईट माणूस नाही तो, मला वाचवायलाच म्हणाला), "लिही ना, 'अधूनमधून येणारी कम्युनिकेशनची अडचण, नवीन पॅचमध्ये दूर केली.' विषय संपला." खरं होतं ते. खोटं त्यात काही नव्हतं. आणि तारांचं पत्र? ते फायलीत राहिलं असतं, त्या मुलाच्या नावासकट, आणि त्याने टर्मिनेशनं परत केली म्हणून अडचण गेली, असंच सगळ्यांनी धरलं असतं. डिसेंबरात अप्रेझल आहेत. माझे आणि त्याचेही.

एक रात्र मी काहीच पाठवलं नाही. मोठेपणाने लिहीत नाहीये हे, खरंच नाही पाठवलं. झोपही लागली नाही. (हॉल्ट, आणि इंटरप्ट चालू.) दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, की अडचण कर्नलमध्ये होती, मार्चमध्ये माझ्या बदलामुळे आली, तारांचा किंवा जोडणीचा काहीही संबंध नव्हता, आणि अडचण सापडली ती फील्ड इंजिनियरने बटन दाबून बघितलं म्हणून. लीडने वाचलं, दोन मिनिटं गप्प बसला, आणि पुढे पाठवलं. कस्टमरने ते पत्र मागे घेतलं नाही. त्याच्या खाली एक ओळ जोडली, की कारण सॉफ्टवेअर असल्याचे कळवण्यात आले आहे. सरकारी मराठीत याहून जास्त दिलगिरी मिळत नसावी.

त्याला फोन केला. सगळं सांगितलं. माफी मागितली. तो हसला.

"जाऊ दे ओ मॅडम. टर्मिनेशनं नवी झाली, आता दहा वर्षं तिकडं बघायला नको." मग थोडा थांबला. "पोरीची पहिली दिवाळी होती. तेवढं एक."

मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळी काकांना फोन लावला. काका म्हणजे हा कर्नल ज्यांनी सुरू केला ते. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. 'वेगळं करू नका' त्यांचंच. जरा रागातच होते मी, स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायचा असतो तसा.

"काका, का वेगळं करू नका ते लिहिता नसतं आलं तुम्हाला?"

"अगं, आम्ही तिघं होतो तेव्हा. तिघांनाही माहीत होतं. कोणासाठी लिहायचं?"

"मग 'वेगळं करू नका' तरी कोणासाठी लिहिलंत?"

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आमच्यातल्या एकाने आधी वेगळं केलं होतं म्हणून. एकोणिसशे सत्त्याण्णवात." आणखी थोडं थांबून, "मीच."

मी नवीन कॉमेंट लिहिली होती, अकरा ओळींची. फंक्शनपेक्षा मोठी. शिवाय बिल्डमध्ये एक तपासणी घातली होती, की कंपाइल झाल्यावर एफबी आणि एफ४ शेजारी नसतील तर बिल्ड पडेल. काका म्हणाले, वाच बघू. वाचून दाखवली. 'एसटीआयनंतर इंटरप्ट लगेच चालू होत नाहीत, पुढची एक सूचना...'

"थांब," ते म्हणाले. "आधी बंद असले तरच. आधीपासून चालू असताना एसटीआय केलंस तर ती एक सूचनेची सवलत मिळत नाही. ते घाल."

मॅन्युअल उघडून बघितलं. तसंच होतं. ते घातलं, बारा ओळी झाल्या, आणि कमिट केलं.